धामणीनं खराब केलेला शर्ट

मी सर्पमित्र नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणाच्यातरी न्हाणीत नाग निघायचा आणि फोन मला यायचा. सर्पमित्र माझा मित्र आहे. मी त्याच्या गाडीवर मागं बसून जाणारा, बॅटरी धरणारा, पिशवीचं तोंड उघडं धरणारा गडी. पोटापाण्यासाठी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. ही दोन कामं कधी एकमेकांना भेटतील असं वाटलं नव्हतं, पण मागच्या जुलैत भेटली, आणि नेमकी माझ्या निळ्या चेक्सच्या शर्टावर भेटली.

झालं असं की तीन दिवस झड लागलेली, रात्री साडेनऊला मित्राचा फोन, सर निघा, वाळवा तालुक्यात एका वस्तीवर गोठ्यात जनावर निघालंय. गेलो. कडब्याच्या पेंढ्यांमागं धामण, सहा-सात फूट तरी असेल, मनगटाएवढी जाड, आणि तोंड भिंतीच्या भेगेत घालून बसलेली. धामण बिनविषारी असली तरी गरीब बिरीब काही नसते, चिडली की मान फुगवून चक्क गुरगुरते, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुत्रं आहे असंच वाटतं. यानं शेपटीकडून धरून हळूहळू बाहेर काढली, मी पिशवी घेऊन पुढं झालो, आणि तिनं माझ्या उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत सगळं मोकळं केलं.

वास कसा होता ते सांगायचा प्रयत्न करतो. सडलेला कोबी, त्यात ओला कुत्रा, आणि मागं कुठंतरी तुंबलेलं गटार. यात दोन गोष्टी असतात, एक शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींचा स्राव, जो साप मुद्दाम सोडतो, आणि दुसरी खरीखुरी शी. शी काळपट तपकिरी, त्यात उंदराच्या केसांचे पुंजके, आणि बाजूला खडूसारखा पांढरा गोळा. तो पांढरा गोळा म्हणजे सापाची लघवी, सापाला पाणी वाया घालवणं परवडत नाही म्हणून ती युरिक अ‍ॅसिडच्या रूपात घट्ट होऊनच बाहेर पडते.

वस्तीवरच्या काकू दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "म्हशीच्या पायाला इळखा घालून दूध पिती बघा ती, चार दिस झालं लिटरभर दूध कमी निघतंय." मित्र धामण पिशवीत घालता घालता म्हणाला, "काकू, सरांच्या बाहीवर बघा की, उंदराची केसं हायती, दुधाची साय दिसती का कुठं?" काकूंनी खरंच बॅटरी मारून बघितलं. पटलं नाही. "उंदीर बी खात असंल आन् वरनं दूध बी पीत असंल," म्हणाल्या. आता यावर काय बोलणार.

घरी आल्यावर बायकोनं शर्ट मशीनला लावायला साफ नकार दिला, "अहो, त्या मशीनमध्ये पोरांचे युनिफॉर्म धुतो आपण," आणि तिचं बरोबरच होतं. शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीत टांगला. सकाळी उठल्यावर मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. साप वन्यजीव कायद्यात येतो, त्याला पकडून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी पाहिजे, पण शर्ट माझा आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही असं मी धरून चाललो. बाहीचा दोन बोटं रुंद तुकडा कापला, सलाइनमध्ये टाकला, आणि कॉलेजात जाऊन चार प्लेटांवर, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीच्या (अगारच्या) बशांवर, पसरवला. एक न्यूट्रिएंट अगार, एक मॅकॉन्की, एक ब्लड अगार आणि एक एक्सएलडी.

दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला तेव्हा लॅब असिस्टंट दोन पावलं मागं सरकला. न्यूट्रिएंट अगारवर एकही सुटी कॉलनी नाही, तळ्यात दगड टाकल्यावर तरंग उठावेत तशी वर्तुळांवर वर्तुळं, अख्खी प्लेट व्यापलेली. ज्यांनी हा विषय शिकलाय त्यांना कळलं असेल, प्रोटियस. हा बॅक्टेरिया अगारवर अक्षरशः चालत जातो, एका ठिकाणी थांबतच नाही. मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलन्या, त्यामधे फिकट कॉलन्या. एक्सएलडीवर मात्र काळ्या टोपीच्या कॉलन्या दिसल्या आणि माझं पोट जरा आत गेलं, कारण काळी टोपी म्हटलं की पहिलं नाव साल्मोनेलाचं येतं, पोट बिघडवणाऱ्या बॅक्टेरियाचं. पण काळी टोपी प्रोटियसही घालतो, हा त्यातला नेहमीचा घोळ आहे, म्हणून सगळ्यात सोपी युरीएज टेस्ट लावली, युरिया फोडणारा बॅक्टेरिया असला की यात नळी गुलाबी होते. दुपारपर्यंत नळी गुलाबी झाली. म्हणजे प्रोटियसच, साल्मोनेला असता तर ती गुलाबी झाली नसती. निदान मी उचललेली ती एक कॉलनी तरी साल्मोनेला नव्हती, बाकीच्यांची खात्री मी देत नाही. सगळं ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं, आणि हात कोपरापर्यंत दोनदा धुतले.

साल्मोनेलाची भीती उगाच नाही हां. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात तो निवांत राहतो, त्यांना काही होत नाही, आपल्याला होतं. अमेरिकेत लहान मुलं पाळीव छोटी कासवं तोंडात घालायची आणि आजारी पडायची म्हणून १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायला बंदी आली, ती अजून आहे. सापांशी विशेष जवळीक असलेला साल्मोनेलाचा एक उपप्रकार तर आहेच, अरिझोने नावाचा. आपल्याकडं साप गळ्यात घालून फोटो काढणारी पोरं त्याच हातानं वडापाव खातात, मी डोळ्यांनी बघितलंय.

तर मुद्दा असा, मी वर्गात ती तरंगांची प्लेट दाखवली, आणि शेवटच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, म्हणजे धामणीच्या पोटात प्रोटियस असतो आणि नागाच्या पोटात दुसरं काही असतं का? प्रत्येक सापाचं वेगळं असतं?"

मला उत्तर आलं नाही. म्हणजे थातूरमातूर दिलं, पण घरी येऊन चार-पाच रात्री याच्यावरच वाचत बसलो, आणि हे लिहायला घेतलंय ते त्या पोरीसाठीच.

पहिली गोष्ट, माझ्या प्लेटा धामणीच्या पोटाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. आतड्यात हवा नसते. तिथं राहणारे बहुतेक बॅक्टेरिया ऑक्सिजन लागला की मरतात. रात्रभर गॅलरीत लटकलेल्या बाहीवर टिकणार कोण, तर प्रोटियससारखे कुठंही जगणारे. गावच्या जत्रेत स्टेजवर जो सगळ्यात जास्त नाचतो तोच गावातला एकटा माणूस आहे असं समजण्यासारखं ते झालं. म्हणून आता वाढवून बघायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही, सरळ डीएनए काढतात. सापाच्या मागच्या द्वारातून, ज्याला क्लोएका म्हणतात, तिथून बारीक काडीनं स्वॅब घ्यायचा, त्यातला सगळा डीएनए वेगळा करायचा, आणि त्यातून १६एस नावाचा एकच जीन पीसीआरनं, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढून, वाढवून वाचायचा. हा जीन सगळ्या बॅक्टेरियात असतो पण प्रत्येकात थोडा थोडा वेगळा, त्यामुळं तो वाचला की कोण कोण राहतंय याची मतदार यादीच हाती येते. कोण काय काम करतं ते कळत नाही, फक्त यादी. आणि मेलेले मतदारही यादीत असतात, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. यादी हातात आली तरी ती कुठल्या दिवसाची आहे ते बघावं लागतं.

आपण दिवसातून तीनदा खातो, वर चहाबरोबर बिस्किट. आपल्या आतड्यातल्या बिऱ्हाडकरूंना रोजचा डबा येतो. अजगराचं तसं नसतं. तो महिना महिना उपाशी पडून राहतो आणि मग एकदम भलंमोठं काहीतरी गिळतो. उपासाच्या काळात त्याचं आतडं चक्क आकसतं, जठरातलं आम्ल बनणं बंद होतं, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जहाल) साडेसातच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साधं पाणी. भक्ष्य आत गेलं की २४ तासांत तोच पीएच २ वर येतो आणि मग दीडवर जाऊन बसतो. छोट्या आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुप्पट होतं, हृदय ४० टक्के मोठं होतं, शरीराचा खर्च चाळीसपटीच्या वर जातो. हे सगळं अमेरिकेतल्या स्टीफन सेकॉर यांनी वर्षानुवर्षं बर्मीज अजगरावर मोजलंय. बर्मीज अजगर म्हणजे आपल्या अजगराचा चुलतभाऊच.

आता विचार करा, ज्या घराच्या भिंतीच महिन्याला पडतात आणि पुन्हा उभ्या राहतात, त्या घरात भाडेकरू कसे राहत असतील? हेच २०१० साली सेकॉर आणि रॉब नाइट वगैरे मंडळींनी मिळून बघितलं. उपाशी अजगराच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिटीज गटाची चलती, शिवाय अ‍ॅकरमॅन्सियासारखे, जे आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत म्युकस खाऊन जगतात, म्हणजे बाहेरून डबा आला नाही तर घराचंच प्लॅस्टर खाणारे. अजगर जेवला की चित्र पालटतं, फर्मिक्युटीज गट वर येतो, क्लोस्ट्रिडियम, लॅक्टोबॅसिलस, आणि एकूण प्रकारांची संख्याही वाढते. आणि गंमत म्हणजे जे वाढले ते बहुतेक अजगराचेच, गिळलेल्या उंदराच्या पोटातले नव्हेत. उंदीर आपल्या आतड्यासकट, त्यातल्या कोट्यवधी बॅक्टेरियासकट आत जातो, साप काही त्याला साफ करून खात नाही, तरी ते पाहुणे फारसे टिकत नाहीत. मला आधी उलटच वाटायचं, की सापाच्या पोटात जे काय आहे ते शेवटच्या जेवणातून आलेलं असणार. निदान अजगराच्या बाबतीत तरी तसं नाही.

एक प्रश्न यातून लगेच निघतो. मी आज एक घोणस आणि एक धामण पकडली (मी नाही, मित्रानं), दोघांचे स्वॅब घेतले आणि यादी वेगळी आली, तर तो फरक घोणस आणि धामणीचा की उपाशी आणि जेवलेल्याचा? कारण घोणस ही वाट बघणारी, पालापाचोळ्यात पडून राहणारी, उंदीर समोरून गेला की झडप घालणारी. धामण दिवसभर बांधाबांधानं फिरणारी, हाताला लागेल ते खाणारी, बेडूक, उंदीर, पाखराची पिल्लं. सेकॉर यांनीच जेर्ड डायमंड यांच्याबरोबर २००० साली आठ जातींच्या सापांची तुलना केली होती, त्यात क्वचित खाणाऱ्या सापांमधे आतड्याची ती प्रचंड उलथापालथ दिसली आणि वारंवार खाणाऱ्यांमधे बरीच कमी. तेव्हा माझा आपला अंदाज असा की घोणशीच्या पोटातली बिऱ्हाडं अजगरासारखी जेवणागणिक बदलत असणार, आणि धामणीची आपल्यासारखी, रोजची, सवयीची. अंदाज आहे, माझ्याकडं पुरावा एका बाहीचा.

आता जंगली सापांकडं येतो, कारण अजगराचं ते काम प्रयोगशाळेतलं होतं.

मिसिसिपी विद्यापीठातल्या टिमोथी कोल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली कॉटनमाउथ नावाच्या विषारी पाणसापाच्या छोट्या आतड्यातले, मोठ्या आतड्यातले आणि क्लोएकातले बॅक्टेरिया वेगवेगळे मोजले. तिन्ही ठिकाणची वस्ती सारखी नव्हती, फरक स्पष्ट होता. पण त्याचबरोबर क्लोएकाच्या स्वॅबवरून आतली बऱ्यापैकी कल्पना येते हेही त्यांनी दाखवलं, आणि हे फार महत्त्वाचं, कारण नाहीतर प्रत्येक नमुन्यासाठी साप मारून फाडायला लागला असता. दारात उभं राहून घरात कोण कोण आहे याचा अंदाज घेण्यासारखं आहे ते. स्वयंपाकघरात काय चाललंय ते नीट दिसत नाही, पण चपला मोजता येतात.

आणि मग त्या पोरीच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं काम मला सापडलं ते २०२१ चं, स्मिथ, कोल्स्टन आणि सायलर या तिघांचं. आशियातले तीन विषारी साप, तिन्ही जंगली, एक समुद्रात राहणारा, एक अर्धवट झाडावर, एक पूर्ण झाडावर. तिघांचं तोंड आणि क्लोएका दोन्ही तपासलं. निष्कर्ष असा की साप कुठल्या घराण्यातला आहे याचाही संबंध आणि तो कुठं, कसा राहतो याचाही संबंध, दोन्ही आहेत. म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत खाण तशी माती, पण शेजारही बघावा लागतो.

हे वाचून कुणाला वाटेल की यात विशेष काय, दोन्ही असणारच. पण सापांच्या बाबतीत हे सिद्ध करणं अवघड का आहे ते बघा. गाय गवत खाते, वाघ गाय खातो, त्यांच्या पोटातले बॅक्टेरिया वेगळे असणार हे शेंबडं पोरही सांगेल. साप मात्र झाडून सगळे मांसाहारी. एकही शाकाहारी साप नाही जगात. त्यामुळं खाण्याचा मोठा फरक बाजूला पडतो आणि बारीक फरक उरतात, उंदीर का बेडूक, मासा का सरडा, का मण्यार खाते तसा दुसरा सापच. या बारीक फरकानं पोटातली वस्ती बदलते का हा खरा प्रश्न.

२०१९ सालचं चीनचं एक काम इथं आठवतं, कारण त्यात चक्क आपली धामण आहे. दक्षिण चीनमधल्या सर्पपालन केंद्रांवरचे चार जातींचे साप, चिनी नाग, धामण आणि आणखी दोन, सगळे मिळून २२ नमुने. त्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया मोठ्या प्रमाणात मिळाला, जो सापात इतका पहिल्यांदाच दिसला. हा सेटोबॅक्टेरियम एरवी गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यात सापडणारा, माशांना बी१२ बनवून देणारा. तो धामणीसारख्यांच्या वस्तीत काय करतोय? पाण्यातून आला, खाद्यातून आला, की तो सापांचा जुनाच भाडेकरू आहे आणि आपण आत्ता बघितलं? बंद खोल्यांत एकत्र वाढवलेल्या सापांवरून हे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच जंगलातल्या सापाचा नमुना सोन्यासारखा. पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या पोटातली वस्ती बदलते हे कितीतरी प्राण्यांत दिसलंय. बाकी ती केंद्रं आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, फेब्रुवारी २०२० मधे कोविडच्या सुरुवातीलाच चीननं जंगली प्राणी खाण्यावर बंदी घातली आणि खाण्यासाठी साप पाळण्याचा धंदा बसला.

एक गोष्ट मला स्वतःला वाचताना खटकली ती सांगतो. माणसाच्या पोटात प्रोटिओबॅक्टेरिया नावाचा गट, ज्यात माझा प्रोटियस आणि साल्मोनेला दोघंही येतात, थोडकाच असतो, वाढला की डॉक्टर म्हणतात काहीतरी बिघडलंय, सूज आहे. सापांच्या कितीतरी नमुन्यांत हाच गट मोठ्या संख्येनं मिळतो, धडधाकट सापात. आता तो खरंच तसा असतो, का क्लोएकात हवा जाते म्हणून तिथं दिसतो, का उपाशी सापात मुळातच बॅक्टेरिया इतके कमी की डीएनए काढायच्या किटमधल्या रसायनांत असलेला बाहेरचा डीएनएच यादीत घुसतो? हा शेवटचा प्रकार कल्पनेतला नाही, २०१४ पासून त्याची नीट चर्चा आहे, रिकामी नळी चालवली तरी बॅक्टेरियांची यादी येते. म्हणून कोरा कंट्रोल लावलाय का ते मी आता प्रत्येक पेपरमधे आधी बघतो, रंगीत ठिपक्यांचे सुंदर आलेख नंतर. (त्यात २०२१ ला या गटांची नावंच बदलली, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा झालं, फर्मिक्युटीजचं बॅसिलोटा. मी या पोस्टमधे जुनीच वापरलीत, पोरांनी परीक्षेत नवी लिहावीत.)

तोंडाचं काय, असंही मित्रानं विचारलं, कारण त्याला पोटापेक्षा तोंडाची काळजी जास्त. सापाच्या तोंडात आतड्यातले बॅक्टेरिया सापडतात, आणि त्याचं एक कारण इतकं साधं आहे की हसू येतं. गिळला जाणारा उंदीर भीतीनं सापाच्या तोंडातच शी करतो. त्यामुळं चावल्यावर जखमेत कधीकधी जे इन्फेक्शन होतं त्यात मूळ मालक उंदीर असू शकतो. अर्थात नाग-घोणस-मण्यार-फुरसं चावलं तर आधी अँटिव्हेनम, बॅक्टेरियाचा विचार नंतर, डॉक्टर करतील तो. मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, आपल्यावर उंदीर, साप, सगळेच हागतात."

आता मला स्वतःला काय बघायला आवडेल ते. आपल्या जिल्ह्यात ओढ्याला विरोळा आहे, मासे-बेडूक खाणारा. बांधावर धामण. उसात घोणस. थोडं पश्चिमेला घाटात गेलं की झाडावर चापडा, आणि जमिनीखाली खापरखवल्या, जो गांडुळं खातो, म्हणजे एका अर्थी मातीच खातो. विदर्भात अंडीखाऊ साप आहे, पाखरांची अंडी खाणारा. मालवणच्या किनाऱ्याला जाळ्यात समुद्री साप येतात. एका राज्यात एवढे स्वभाव, खाण्याच्या एवढ्या तऱ्हा. पण परवानगी, सिक्वेन्सिंगचा खर्च, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक जातीचे एक-दोन नव्हे तर वीस-पंचवीस साप, शिवाय शेवटचं कधी जेवला याची नोंद. ती नोंद जंगली सापाच्या बाबतीत आणणार कुठून? पोट चाचपून बघायचं एवढंच हातात. उणे ८० चा फ्रीझर पाहिजे तो वेगळाच, आणि ज्या ठिकाणी मी पूर्वी नोकरीला होतो तिथं पावसाळ्यात लाइट गेली की फ्रीझरमधले नमुने आणि स्टाफची आइस्क्रीम एकाच वेळी वितळायची.

आणि घोणशीची एक वेगळीच गंमत. ती पिल्लं घालते, अंडी नाही. पिल्लं आईच्या क्लोएकातून बाहेर पडताना तिथली बिऱ्हाडं अंगावर घेऊनच जन्माला येत असतील का? धामणीच्या पिल्लाला तर अंडं फोडून थेट मातीतच यायचंय, त्याला आईचं काय मिळणार? पिल्लं घालणाऱ्या आणि अंडी घालणाऱ्या सापांची शेजारी शेजारी तुलना केली तर हे कळेल.

पण सगळ्यात भारी उमेदवार मला मागच्या आठवड्यात भेटला. रात्री बाथरूममधून बायकोची हाक, "अहो, गांडूळ आहे पण गांडुळासारखं चालत नाहीये." बघितलं तर वाळा. बुटाच्या नाडीएवढा, चमकदार काळपट, डोळे म्हणजे दोन ठिपके, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. पावसात कुंडीतून, जाळीतून वर येतात हे, हातात घेतलं की शेपटीचं बारीक टोक टोचवतात, लोकांना वाटतं चावला.

वाळ्याची खासियत अशी की त्यांच्यात नर नसतोच. सगळ्या माद्या, आणि प्रत्येक मादी नराशिवाय अंडी घालते, पिल्लं आईची जवळजवळ झेरॉक्स कॉपी. कुंड्यांच्या मातीतून हा साप अर्ध्या जगात पोचलाय, मियामीपासून हवाईपर्यंत. आता बघा, वर जो सगळा घोळ होता, घराणं की शेजार, जीन की खाणं, तो इथं अर्धा सुटतो ना! जीन सगळ्यांचे जवळपास सारखे. माझ्या बाथरूममधला वाळा आणि मियामीच्या कुंडीतला वाळा यांच्या पोटातली वस्ती वेगळी निघाली तर ती जागेमुळं, खाण्यामुळं, ऋतूमुळं, पण घराण्यामुळं नक्की नाही. फक्त इतक्या बारीक क्लोएकात मावेल असा स्वॅब कुठं मिळतो ते मला माहीत नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा.

मी तांब्यात घेऊन त्याला बागेत सोडायला निघालो तर बायको मागून म्हणाली, "ह्यानं तुमच्या अंगावर काही केलं तर तो शर्टही गॅलरीतच."

काही केलं नाही त्यानं. सोनचाफ्याच्या बुडाशी सोडला, पाच सेकंदात मातीत गेला.